आदिवासी भागातील रक्तदाब: आधी खर्रा सोडवायचा की आधी गोळी पोहोचवायची?

मूळ मांडणी
रानावनात राबणाऱ्या माणसाला रक्तदाब कसला, असे आपण अजूनही सहज बोलून जातो. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार मात्र देशातील दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. १५ ते ५४ वयोगटातील ७२ टक्के आदिवासी पुरुष तंबाखू सेवन करतात आणि निम्म्याहून अधिक दारू पितात. बिगर-आदिवासी पुरुषांत हेच प्रमाण अनुक्रमे ५६ आणि ३० टक्के आहे, असेही त्यात नोंदवले आहे. आमच्या गडचिरोलीत पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, शाळकरी पोरांच्या खिशातही सापडतो. म्हणून व्यसनमुक्ती आधी, बाकीचे नंतर, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. आदिवासी आणि बिगर-आदिवासी असे दोनच रकाने केले की गरिबी, शिक्षण आणि दवाखान्याचे अंतर हे सारे ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली झाकले जाते, आणि दोष माणसाच्या सवयीवर येतो. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा निकष आहे. मैदानी भागातल्या पाच हजारांपेक्षा तो उदार दिसतो खरा. पण तेवढी माणसे नदीनाल्यांपलीकडच्या कितीतरी पाड्यांवर विखुरलेली असतात, हे कागदावर दिसत नाही.

प्रतिसाद २
मी अशाच एका उपकेंद्रात परिचारिका होते. पन्नाशीच्या एका बाईचा रक्तदाब १८०/११० निघाला, तेव्हा ती म्हणाली, “काही दुखत नाही, मग गोळी कशाची?” तिला पटवायला तीन फेऱ्या लागल्या. ती नियमित गोळी घेऊ लागली आणि पावसाळ्यात आमच्याकडचाच साठा संपला. पुढे तिला लकवा मारला. ती ना खर्रा खायची, ना दारू प्यायची.

मूळ लेखकाचे उत्तर
ताईंचा अनुभव वाचून ‘बाकीचे नंतर’ हे शब्द मी मागे घेतो. तंबाखूविषयीचे मत मात्र बदलत नाही, कारण गोळी वेळेवर मिळाली तरी खर्रा हृदयाचे आणि तोंडाचे नुकसान करतच राहतो.

प्रतिसाद २
त्याला माझा विरोध नाहीच. फक्त खर्रा सोडा म्हणून सांगायला पाड्यावर जाणाऱ्याच्या पिशवीत रक्तदाब मोजायचे यंत्र आणि पावसाळा निघेल इतक्या गोळ्याही असू द्या.