बजीमध्ये बापाला लेक लावणं आता थांबवू या

गच्चीवरचा_पिंजरा

माझ्या गच्चीवर २०१८ पासून बजी, म्हणजे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट आहेत. त्या वर्षी एक निळा नर आणला होता. रुंद कपाळ, गळ्यावरचे ठिपके एकसारखे, अंगाने भरलेला. तसाच पक्षी पुन्हा मिळावा एवढाच ध्यास होता.

निळा रंग दबून राहणारा. तो नर हिरव्या मादीला लावला, तेव्हा सगळी पिल्लं हिरवी निघाली, पण निळ्याची स्प्लिट, म्हणजे निळा रंग आत दडलेला. मग त्यातलीच एक लेक बापाला लावली आणि निम्मी पिल्लं निळी आली. पुढे त्यातली निळी नातही त्यालाच लावली. 'लाइन (एकाच पक्ष्याचा वंश) पक्की होतेय' असं सगळे म्हणत होते, मीही तेच मानत होतो.

पहिल्या जोडीने सहा अंड्यांतून पाच पिल्लं वाढवली होती. नातीच्या जोडीने सहातून दोन. टॉर्च लावली की अंड्यात रक्ताच्या रेषा दिसायच्या, म्हणजे अंडी भरलेली होती. अठरावा दिवस उलटला, विसावा उलटला. फोडून बघितलं तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं. असं चार वेळा बघितलं. जी दोन जगली त्यातल्या एकाचे पाय फाकलेले.

माझं मत स्पष्ट आहे. रंगासाठी आणि चेहऱ्यासाठी आपण सोलापूरचे पाळणारे जे करतोय ते बंद करायला हवं.

जुनी_कॉलनी

काय ओ, घरट्याच्या एका मडक्यावरून सगळ्या पद्धतीलाच दोषी धरताय. मी तीस वर्षं पक्षी पाळतोय.

पाय फाकले म्हणता, मडक्यात लाकडाचा भुसा घातला होता का? गुळगुळीत तळावर पिल्लाला पकड मिळत नाही, आई वर बसते आणि पाय बाहेर जातात. त्यात रक्ताचा दोष कशाला शोधायचा? आणि जोडी लावली कधी? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, हवा कोरडी ठक्क. अंड्याचा आतला पडदा सुकतो, पिल्लू फिरू शकत नाही, आतच जातं. मी होळी झाली की सगळी मडकी काढून ठेवतो.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. १८४० साली जॉन गुल्डने ऑस्ट्रेलियातून जिवंत बजी इंग्लंडला नेले, तेव्हा तो पक्षी हिरवाच होता. आज तुमच्या पिंजऱ्यात निळे, पांढरे, पिवळे आहेत ते जवळच्या जोड्या लावून कुणीतरी टिकवले म्हणून. आपली खिलार गुरं बघा. तो बांधा, ती शिंगं आपोआप आली का?

तुम्ही केलं ते लाइन ब्रीडिंग नव्हतं, घाई होती. नात लावायची, पण मधली जोडी बाहेरची हवी. काकाला पुतणी लावायची. पूर्वज एकच धरायचा, पण अंतर ठेवून. दबलेला दोष असेल तर तो याच पद्धतीने वर येतो, आणि दिसला की तो पक्षी बाजूला काढता येतो. बाहेरचंच रक्त आणत राहिलात तर तोच दोष आत लपून पिढ्यान् पिढ्या चालत राहील.

वही_आणि_पेन्सिल

काका, अंतराचं तुमचं म्हणणं पटतं. त्याचा हिशोब मांडते.

एकाच पूर्वजाचं एकच जनुक पिल्लाला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मिळण्याची शक्यता मोजतात. बाप-लेकीच्या पिल्लात ती २५ टक्के. सख्ख्या भावंडांच्या पिल्लातही तेवढीच. काका-पुतणी, किंवा मधली जोडी बाहेरची असलेली आजोबा-नात, इथे १२.५. दादांनी मात्र लेकीपासून झालेली नात पुन्हा त्याच नराला लावली, तिथे ३७.५ होते. त्या पिल्लात आठातले सात भाग एकट्या नराचे.

आणि प्रत्येक रंगाला हे लागतही नाही. लुटिनो लिंगाशी जोडलेला रंग आहे. पिवळा लुटिनो नर साध्या हिरव्या मादीला लावा, पहिल्याच पिढीत सगळ्या माद्या लुटिनो. निळ्यासाठीसुद्धा दोन वेगळ्या घरांतले निळे एकत्र केले की सगळी पिल्लं निळीच. नाती जवळची करतो ते कपाळ आणि बांधा यांच्या हव्यासापायी, रंगाचं फक्त नाव.

चाटी_गल्ली

इतकं घाबरायचं कशाला? आपल्याकडे मामाची मुलगी करतात की. पिढ्यान् पिढ्या चाललंय.

वही_आणि_पेन्सिल

मामाची मुलगी केली तर मुलांत हा आकडा ६.२५ येतो. दादांच्या पिल्लांत त्याच्या सहापट. आणि डॉक्टर त्यावरही सावध करतातच. शिवाय पक्षी वर्षाच्या आत वयात येतो. माणसाच्या चार पिढ्यांना शंभर वर्षं लागतात, ते पिंजऱ्यात चार-पाच वर्षांत होतं.

गच्चीवरचा_पिंजरा

काका, भुशाचं खरं आहे. त्या मडक्यात भुसा कमी होता, पायाची चूक माझ्या पदरात घेतो. उन्हाचं मात्र मान्य नाही. ती जोडी मी जानेवारीत लावली होती, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. त्याच आठवड्यात शेजारच्या पिंजऱ्यात परकी जोडी सोडली होती. तेच राळं, तेच पाणी, तीच गच्ची. तिने पाच पिल्लं बाहेर काढली.

आणि खिलारचं म्हणाल, तर आमच्या सांगोल्याकडे वळूच्या लेकी वयात आल्या की वळू बदलायचे. आजोबा त्यासाठी दुसऱ्या गावातनं वळू बघून यायचे.

पिंजऱ्यातली_चिऊ

मला काकांना एकच विचारायचंय. 'बाजूला काढलेला' पक्षी जातो कुठे?

गेल्या वर्षी मुलीसाठी आठवडी बाजारातनं एक जोडी आणली. मादीची पिसं कधी नीट आलीच नाहीत, उडताच यायचं नाही. दांडीवर चढायला ती चोचीने जाळी धरत वर सरकायची. मुलगी रोज तिला हाताने उचलून दांडीवर ठेवायची. आठ महिन्यांनी गेली. विकणाऱ्याने विचारल्यावर 'लाइनचा माल आहे' असं अभिमानाने सांगितलं होतं. तुम्ही चांगला पक्षी ठेवता आणि उरलेला आमच्या घरात येतो.

जुनी_कॉलनी

ताई, वाचून वाईट वाटलं. पिसं न येण्यामागे विषाणूही असतो, तेव्हा रक्ताचंच होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळत नाही. माझ्याकडचे असे पक्षी मी विकत नाही. माझ्याच एका वेगळ्या पिंजऱ्यात राहतात, तिथे मडकं लावत नाही. आत्ता सात आहेत. ज्याला इतकी जागा आणि खर्च झेपत नाही त्याने लाइन धरूच नये, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

तरी 'बंद करा' याला माझा विरोधच आहे. बाहेरचं रक्त म्हणून तुम्ही आणणार कुठून? आपल्यात एकमेकांचीच पिल्लं फिरतात. तीन दुकानं फिरून आणलेली मादी तुमच्याच नराची पणती निघेल, कारण पायात रिंग नाही आणि कुणाकडे वही नाही. नातं माहीत असलेली जोडी मला त्यापेक्षा बरी वाटते.

गच्चीवरचा_पिंजरा

इथे मात्र तुम्ही मला अडवलंत. माझ्याकडे वही २०२१ पासूनची आहे, त्याआधीचं सगळं तोंडी. या हंगामापासून पिल्लू आठवड्याचं झालं की बंद रिंग घालतोय, आईबापांचे नंबर लिहितोय. ज्यांना मादी हवी त्यांनी आपली वही घेऊन या, नावं जुळली नाहीत तरच बदली करू. बापलेकीची जोडी माझ्या गच्चीवर पुन्हा लागणार नाही.

जुनी_कॉलनी

रविवारी सकाळी या, उन्हाच्या आधी. माझ्याकडे एक हिरवी मादी आहे, तिची पाच पिढ्यांची नोंद दाखवतो. तुमच्या नराशी काही नातं नाही. घेऊन जा. पण तिची एक लेक मला परत द्यायची, माझ्या लाइनसाठी.