दिवाळीच्या सुट्टीत जपानमधील रियोकान: डोंगर दिसेल, आईला झेपेल आणि जेवण जमेल असे ठिकाण कोणते?

राजारामपुरीकर

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि माझी आई असे चौघे जपानला जात आहोत. टोकियो आणि क्योतो ही दोन शहरे ठरलेलीच आहेत. मात्र त्यांच्या मध्ये एखादा मुक्काम जुन्या वळणाच्या रियोकानमध्ये, म्हणजे तातामी चटयांची खोली, नैसर्गिक गरम पाण्याचे कुंड आणि समोर डोंगर अशा ठिकाणी करावा, असे सर्वांच्या मनात आहे. खरे तर हा हट्ट आईचाच आहे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याच्या झऱ्यावर ती माहेरच्या माणसांबरोबर लहानपणापासून जात आली आहे आणि जपानमध्ये डोंगराकडे बघत अशा पाण्यात बसता येते हे कळल्यापासून तिने दुसरे काही विचारलेले नाही.

अडचणी अशा आहेत. आईचे वय अडुसष्ट आहे, गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. ती शुद्ध शाकाहारी असून कांदा-लसूणही खात नाही. आम्ही उरलेले तिघे कोल्हापूरचे असल्यामुळे मटण, मासे सर्व खातो. कुंडात कपड्यांशिवाय उतरावे लागते हे ऐकून पत्नीला संकोच वाटतो आहे. आमच्या ट्रॅव्हल एजंटने हाकोने येथील ‘फुजी दिसणारी खोली’ सुचवली आहे आणि तिचा दर ऐकून मी दोन दिवस विचारच करतो आहे. तो दर योग्य आहे का, ठिकाण तेच घ्यावे का आणि मुक्काम एका रात्रीचा पुरतो का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पन्हाळ्याचा वारा

एजंटने हाकोने सुचवले यात नवल नाही. टोकियोच्या शिंजुकू स्थानकावरून रोमान्सकार गाडीत बसले की सुमारे दीड तासात माणूस हाकोने-युमोतोला उतरतो आणि एजंटला मधली कोणतीही जुळवाजुळव करावी लागत नाही. परंतु ‘फुजी दिसणारी खोली’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी ती खोली नेमकी कोठे आहे ते विचारावे. युमोतोच्या बाजूच्या पुष्कळ रियोकान नदीच्या दरीत आहेत. तिथल्या खिडकीतून हिरवागार डोंगर दिसतो, पण तो हाकोनेचा असतो. फुजी दिसतो तो आशी सरोवराच्या काठावरून आणि काही मोजक्या उंच जागांवरून. फुजीच हवा असेल तर त्याच्या उत्तरेचे कावागुचिको सरोवर अधिक भरवशाचे, कारण तिथे काठावरच्या अनेक रियोकानच्या खोल्या आणि कुंडे थेट पर्वताकडे तोंड करून बांधलेली आहेत.

तरीही ३७७६ मीटर उंचीचा हा पर्वत मनाचा राजा आहे. हिवाळ्यातील सकाळी तो लख्ख दिसतो, तर पावसाळी महिन्यांत दिवसचे दिवस ढगांतून बाहेर येत नाही. नोव्हेंबर त्या मानाने बरा असतो, पण तेव्हाही पहाटे दिसलेला पर्वत दुपारी गायब होऊ शकतो. आषाढात पन्हाळ्यावर ‘व्ह्यू’ची खोली घेऊन धुके बघत बसण्यातला हा प्रकार आहे.

त्यामुळे माझा कल ओकुहिदाकडे आहे. गिफू प्रांतात, उत्तर आल्प्स म्हणवल्या जाणाऱ्या जपानमधील डोंगररांगेच्या पायथ्याशी हिरायु, फुकुजी, शिन-हिरायु, तोचिओ आणि शिन-होताका अशी गरम पाण्याची पाच गावे एकाच खोऱ्यात आहेत आणि उघड्यावरच्या कुंडांसाठी हा भाग जपानी लोकांमध्येही प्रसिद्ध आहे. येथे एकाच शिखरावर सगळी भिस्त नसते. एका अंगाला ३१९० मीटरचा ओकुहोताका आणि त्याचे भाऊबंद, दुसऱ्या अंगाला कासागाताके. एक ढगात गेला तरी दुसरा समोर असतो आणि काहीच दिसले नाही तरी नदी आणि जंगल कुंडाच्या कडेपर्यंत आलेले असते. शिन-होताका येथील रोपवे दोन टप्प्यांत २१५६ मीटरपर्यंत नेतो. त्याचा वरचा पाळणा दुमजली आहे आणि आईंना फारसे चढावे न लागता बर्फाची शिखरे समोर बघता येतात.

तुमच्या मार्गातही ते बसते. टोकियोहून नागोयापर्यंत शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, तिथून हिदा एक्सप्रेसने ताकायामा आणि पुढे हिरायुपर्यंत बसने सुमारे एक तास. परतताना नागोयाहूनच क्योतोला जाता येते. दिवाळी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी असेल तर खोऱ्यातील पानांचे रंगही मिळतील. शेजारचे कामिकोची हे डोंगरातले निसर्गरम्य खोरे मात्र १५ नोव्हेंबरनंतर एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असते, त्यामुळे तारखा पाहून ठरवा.

मुक्काम दोन रात्रींचा करा. रियोकानमध्ये साधारण दुपारी तीनला प्रवेश मिळतो आणि सकाळी दहा वाजता खोली सोडावी लागते. इतका प्रवास करून एकच रात्र राहिलात तर जेवण आणि झोप यांतच वेळ संपेल. दराविषयी एवढेच लक्षात ठेवा की तो बहुधा खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व न्याहारी धरलेली असते. मध्यम प्रतीच्या ठिकाणी माणशी पंधरा ते तीस हजार येन हा दर मी वाजवी समजतो. खोलीला स्वतंत्र कुंड असेल तर तो बराच वर जातो. शिवाय स्नानाचा कर माणशी दररोज बहुतेक ठिकाणी १५० येन असतो, तो तिथेच भरावा लागतो. शनिवारची रात्र आणि ३ व २३ नोव्हेंबर या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या टाळल्या तर दर खाली येतो.

मेतकूट-भात

वरील उत्तरात ठिकाणाविषयी जे सांगितले आहे ते मला पूर्ण मान्य आहे, परंतु जेवणाचा विषय त्यात राहून गेला आणि तुमच्या घरासाठी तोच सर्वांत नाजूक आहे.

रियोकानमधील रात्रीचे जेवण मेन्यूकार्डावरून मागवायचे नसते. ते त्या दिवसाचे, त्या ऋतूचे, एकामागून एक छोट्या भांड्यांतून येणारे ठरलेले जेवण असते आणि स्वयंपाकघर त्याची तयारी आधीपासून करते. त्यामुळे पोहोचल्यावर ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असे सांगून काहीही साधत नाही. दुसरे म्हणजे ‘शाकाहारी’ या शब्दावर तिथे विसंबू नये. ज्याला आपण भाजीचे साधे सार म्हणू त्यातही बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा किंवा छोट्या सुक्या मासळीचा अर्क असतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याची वडी, सोबतची चटणीसारखी सॉस, सर्वांत तो असू शकतो. म्हणून खोली राखण्यापूर्वीच जपानी भाषेत लिहून विचारावे: मांस नको, मासे नकोत, माशांचा अर्कही नको, अर्क कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचा किंवा शिताके अळिंबीचा चालेल, कांदा-लसूण नको. ‘जमेल’ असे लेखी उत्तर आले तरच पैसे भरा. ‘जमणार नाही’ असे प्रांजळपणे सांगणारी ठिकाणे पुष्कळ आहेत आणि मला तो प्रांजळपणा आवडतो. सगळ्याला मान हलवणाऱ्या मध्यस्थापेक्षा तो बरा.

आता उरलेल्या तिघांविषयी. तुम्ही सर्व खातो असे लिहिले आहे, पण ओकुहिदा हा हिदा गोमांसाचा प्रदेश आहे आणि रात्रीच्या जेवणात ते न मागता येते. प्रत्येकाच्या पुढ्यात लहान शेगडी ठेवतात, तिच्यावर मॅग्नोलियाचे वाळलेले रुंद पान, पानावर मिसोचा थर, त्यात अळिंबी आणि पात, आणि पुष्कळदा त्यावरच गोमांसाचे काप. मिसो कडेने बुडबुडू लागला की पानाचा धुरकट वास उठतो. प्रकार अतिशय सुरेख आहे, परंतु तुमच्या घरात गोमांस चालत नसेल तर तेही चौघांच्या नावाने आधीच कळवा. त्याऐवजी बहुतेक ठिकाणी नदीचा मासा किंवा कोंबडी देतात.

आईंसाठी दोन पर्याय सुचवतो. रियोकानने नकार दिला तर त्यांच्यापुरती ‘जेवणाविना’ नोंदणी होते का ते विचारा. जेवणाच्या शेवटी साधा गरम भात येतोच. तो एक वाटी मागून घेतला आणि सोबत नेलेले मेतकूट व लिंबाचे लोणचे असले तर रात्र निभावते. मात्र बाहेरचे पदार्थ जेवणघरात उघडण्यापूर्वी परवानगी घ्यावी. मांसाचे पदार्थ तसेच ताजी फळे व भाज्या जपानमध्ये नेताना निर्बंध आहेत, तेव्हा सामानात फक्त कोरडा, बंद पाकिटातला शाकाहारी शिधा ठेवा.

दुसरा पर्याय म्हणजे क्योतोच्या बाजूने कोयासानला एक रात्र. कूकाई या भिक्षूने ८१६ साली स्थापन केलेल्या या डोंगरावरील मठांमध्ये पाहुण्यांची सोय होते आणि तिथले शोजिन जेवण मुळातच मांस-मासळीविना असते. परंपरेने त्यात कांदा-लसूणही वर्ज्य आहे. कंदमुळे मात्र भरपूर असतात, त्यामुळे कोणी जैन मित्र हा धागा वाचत असतील तर त्यांनी वेगळी चौकशी करावी. गरम झऱ्याचे पाणी तिथे बहुतेक मठांत नसते, हे आईंना आधी सांगावे लागेल.

शाहूपुरीतील सूनबाई

दादा, तुमच्या पत्नीसाठी आणि आईंसाठी लिहिते. स्त्रियांचे आणि पुरुषांचे कुंड वेगळे असते. काही जुन्या ठिकाणी एकत्र कुंडही असते, ते नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे. दाराला लावलेल्या पडद्यावर कोणाचे कुंड ते लिहिलेले असते आणि कित्येक ठिकाणी रात्री नंतर पडदे अदलाबदल करतात, म्हणून सकाळी कालच्याच दारात सवयीने शिरू नये. पोहण्याचा पोशाख चालत नाही. हातात एक छोटा टॉवेल असतो, तो चालताना आडोशाला धरता येतो, पण पाण्यात बुडवायचा नाही. बायका तो घडी करून डोक्यावर ठेवतात. कुंडात उतरण्यापूर्वी बाजूला लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून साबणाने संपूर्ण अंग धुवायचे आणि फेसाचा थेंबही न राहील असे निथळायचे. केस वर बांधायचे.

संकोचाचे म्हणाल तर तिथे कोणी कोणाकडे बघत नाही आणि पहिली पाच मिनिटे गेली की आपणही विसरतो. तरीही मनाची तयारी होत नसेल तर ठरावीक वेळेसाठी फक्त आपल्या कुटुंबाला मिळणारे कुंड अनेक रियोकानमध्ये असते. ते काही ठिकाणी विनामूल्य, काही ठिकाणी शुल्क घेऊन, बहुधा पाऊण तासासाठी देतात. आईंना घेऊन सुनेने आणि नातीने तिथेच जावे हे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण कोणीतरी हात धरायला हवे. अंगावर गोंदण असेल तर सार्वजनिक कुंडात मनाई होऊ शकते. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावरचे हिरवे गोंदणही तिथे गोंदणच समजले जाईल, म्हणून तेही आधी विचारावे.

आईंच्या रक्तदाबाबद्दल त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय हा बेत पक्का करू नका. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असते आणि नोव्हेंबरमध्ये डोंगरातली बाहेरची हवा बोचरी असते. कपडे बदलण्याची थंड खोली आणि ते पाणी यांतील फरकानेच वयस्कर माणसांना चक्कर येते. आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर पाणी ओतून अंगाला सवय करावी. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत. जेवणानंतर लगेच नको, एकट्याने नको, उठताना कठड्याला धरूनच उठावे आणि बाहेर आल्यावर पाणी प्यावे.

चांदीची जोडवी आणि पैंजण खोलीत काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते आणि मग सासूबाईंना समजावणे अवघड जाते. युकाता, म्हणजे रियोकानमध्ये घालायला मिळणारा सुती झगा, नेसताना उजवी बाजू आत आणि डावी वर घ्यायची. उलटे तिथे मृताला नेसवतात, त्यामुळे एखादी सेविका धावत येऊन नीट करून देईल.

गुडघ्यांसाठी खोली मागताना पलंग असलेली तातामी खोली मागा. नुसत्या गादीवरून पहाटे उठणे आईंना कठीण जाईल. जेवणाला खुर्ची आणि इमारतीत लिफ्ट आहे का हेही विचारा, कारण जुन्या लाकडी इमारतींत ती नसते आणि कुंड खाली नदीकाठी असेल तर पायऱ्या बऱ्याच असतात.

हिशोबी माणूस

एवढे पैसे आंघोळीसाठी? ताकायामात साध्या हॉटेलात राहावे, सकाळी बसने हिरायुला जावे, दिवसा येणाऱ्यांसाठी खुल्या असलेल्या कुंडात काही शे येन देऊन उतरावे आणि संध्याकाळी परतावे. डोंगर दोन्हीकडून सारखाच दिसतो. जेवणाची भानगडही उरत नाही.

पन्हाळ्याचा वारा

हिशोबी साहेबांचे म्हणणे तरुणांसाठी बरोबर आहे. आईंना मात्र एकाच दिवसात जाण्या-येण्याचे दोन तास बसमध्ये काढून मध्ये अनोळखी ठिकाणी कपडे बदलायला लावू नये. शिवाय रियोकानमध्ये रात्री आणि पहाटे, गर्दी नसताना, पाण्यात जाता येते. पैसे खरे त्या वेळांचे असतात.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हाकोनेची खोली आज रद्द करायला सांगितली. ओकुहिदात दोन रात्री, पलंगाची खोली आणि कुटुंबासाठी वेगळे कुंड, एवढे ठरवतो आहोत. जेवणाचे पत्र आधी पाठवून उत्तराची वाट पाहू. आईच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. एकच शंका राहिली: चौघांच्या चार मोठ्या बॅगा डोंगरातल्या बसमध्ये कशा न्यायच्या?

शाहूपुरीतील सूनबाई

नेऊच नका. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवरून त्या सरळ क्योतोच्या हॉटेलला कुरिअरने पाठवता येतात. फॉर्म हॉटेलवालेच भरून देतात आणि बॅगा बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. तुम्ही दोन रात्री डोंगरात असणार, म्हणून क्योतोच्या हॉटेलला त्या सांभाळून ठेवण्याविषयी आधी कळवा. सोबत दोन रात्रींपुरती पाठीवरची पिशवी, आईंच्या गोळ्या आणि लोकरीचे मोजे ठेवा. चाकांची बॅग तातामीवरून ओढलेली तिथे कोणालाच आवडत नाही.