स्वतःच्या विहिरीचा मुरूम विकायला परवाना लागतो का?

सिन्नरचा_शेतकरी:
मंडळी, दोडी बाजूला आमच्या गटात विहीर चालू आहे. ३० फूट व्यास, ४५ फुटांवर पाणी लागलं. यारीने (विहीर खोदताना माल वर ओढायचं यंत्र) काढलेला मुरूम आणि काळं डबर बांधावर पडलंय. रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार म्हणतो, "तुमची जमीन, तुमचा माल, उद्या हायवा (मोठा टिपर) लावतो." सातबारा माझा आणि धाकट्या भावाचा सामाईक आहे. परवाना काढावाच लागतो का?

जुना_तलाठी:
भाऊ, हायवा लावू देऊ नका. सातबारा तुमचा असला तरी पोटातलं खनिज सरकारचं. महसूल संहिता १९६६, कलम ४८ वाचा. तुमची विहीर साधारण ३१८ ब्रास भरते (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). बिनपरवाना माल गेला तर ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वर गाडी अडकते ती वेगळीच. पंचनाम्याला आम्ही ढीग मोजत नसू, खड्डा मोजायचो. ढीग पावसात बसतो, खड्डा खोटं बोलत नाही.

माल त्याच शेतात, बांधाला किंवा शेतरस्त्याला वापरलात तर गोष्ट निराळी. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय, की पायाची माती त्याच जागेत भरली तर नुसत्या खोदाईपायी दंड लावता येत नाही. विकणं त्यात बसत नाही.

सिन्नरचा_शेतकरी:
तात्या, मग अर्ज कुठं करायचा?

जुना_तलाठी:
सरकारच्या महाखनिज पोर्टलवर, आणि तहसीलला गौण खनिजाच्या (मुरूम, दगड, माती) टेबलावर विचारून घ्या. सातबारा, आठ-अ (खातेउतारा), गटाचा नकाशा आणि भावाचं संमतीपत्र जोडा. संमती आधी घ्या. माझ्याकडची निम्मी प्रकरणं खडकापायी नाही, भावकीपायी अडली. स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलं की मगच वाहतुकीचे पास निघतात, गाडीगणिक एक.

खडीवाला_सारूळ:
तात्या बरोबर बोलले. पास ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. माझ्या ओळखीच्या एकाने सोडले होते. एकाच पासवर सहा खेपा मारल्या, नोटीस मात्र जमीनमालकाच्या दारात. गाडीचा नंबर आणि वेळ स्वतः वहीत लिहा.

सिन्नरचा_शेतकरी:
ठेकेदाराला फोन केला. पासाचं नाव काढताच म्हणतो, "मग राहू द्या." निम्मं डबर विहिरीच्या कठड्यालाच वापरतो. भाऊ संध्याकाळी येतोय, सहीचं बघतो.