गाडीत कॉल ऐकू येतो पण गाणी फोनमधूनच वाजतात, काय करावं?

नवा_चक्रधर:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. नवीन फोन घेतलाय, अँड्रॉइडच आहे, आणि गाडीच्या ब्लूटूथशी त्याचं काही केल्या जमत नाहीये. म्हणजे जोडला जातो, स्क्रीनवर फोनचं नाव येतं, बॅटरीच्या कांड्या दिसतात, कॉन्टॅक्ट्सची यादी आली, कॉल तर गाडीच्या स्पीकरवर खणखणीत ऐकू येतो. पण गाणं लावलं की ते खिशातून, फोनच्या त्या पिचक्या स्पीकरमधून! गाडीत सोर्स 'बीटी ऑडिओ'च निवडलेला असतो, गाण्याचं नाव काही येत नाही.
जुन्या फोनला तीन वर्षांत एकदाही हा त्रास नव्हता. फोनचा आवाज फुल केला, गाडीचा फुल केला (आणि तसाच विसरलो, मग कॉल आला तेव्हा बायको सीटवरून अर्धा फूट उडाली), फोन रीस्टार्ट केला, ब्लूटूथ किती वेळा बंद-चालू केलं त्याची तर गणतीच नाही. कधीतरी मधेच गाडीतून 'टुंग टुंग' असं वाजतं, पण ते बहुतेक सीटबेल्टचं असावं. आणि गंमत म्हणजे सकाळी एकटा कामावर जाताना बऱ्याचदा सगळं मुकाट चालतं, रविवारी सगळे मिळून निघालो की हमखास बंद. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

चौथा_गिअर:
आधी दोन्हीकडून काढून टाका आणि पहिल्यापासून जोडा. दोन्हीकडून म्हणजे फोनमधून 'फर्गेट' आणि गाडीच्या यादीतूनही डिलीट, लोक फक्त फोनमधून काढतात आणि मग गाडी जुनीच ओळख धरून बसते. गाडी उभी असताना करा, बऱ्याच गाड्या चालू असताना नवीन फोन जोडूच देत नाहीत. दोन्ही स्क्रीनवर ६ आकडी नंबर येईल, तो सारखा आहे का बघून ओके करा. फार जुना स्टीरिओ असेल तर नंबर दाखवणार नाही, पिन मागेल, ती बहुतेक वेळा ०००० नाहीतर १२३४ असते.

नवा_चक्रधर:
केलं. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून केलं, एकदम मस्त वाजलं, नाचायचाच बाकी होतो. रविवारी परत जैसे थे.

मुक्काम_पोस्ट:
नवीन फोनचं ब्लूटूथ ५ च्या पुढचं असणार आणि गाडीचं जुनं, म्हणून पटत नसेल. गाडीचा स्टीरिओच बदला.

तारतम्य:
मुक्काम_पोस्ट, तसं नसतं हो. आवाजासाठी जे ब्लूटूथ वापरतात ते जुन्याशी जुळवून घेतं, ५.३ वाला फोन ४.० वाल्या गाडीशी बिनबोभाट बोलतो. आणि तसं असतं तर शनिवारी तरी कसं वाजलं? उगाच त्यांना खर्चात पाडू नका.
चक्रधर, आपल्याला वाटतं ब्लूटूथ जोडलं म्हणजे एक वायर जोडली, पण प्रत्यक्षात त्या एका जोडणीत तीनचार वेगवेगळी कामं असतात. कॉलसाठी एक (एचएफपी), गाण्यांसाठी दुसरं (ए२डीपी), पुढचं-मागचं गाणं आणि गाण्याचं नाव यासाठी तिसरं (एव्हीआरसीपी), कॉन्टॅक्ट्ससाठी आणखी एक. त्यातलं एखादं चालू आणि एखादं बंद असं आरामात होतं, तुमचं नेमकं तेच झालंय, कॉलवालं लागलंय आणि गाण्यांवालं नाही. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढच्या चक्रावर टॅप करा, तिथे 'मीडिया ऑडिओ' असं बटण असेल ते चालू आहे का बघा.

नवा_चक्रधर:
आत्ता खाली जाऊन बघून आलो. एकटाच होतो, बटण चालू होतं, गाणंही वाजलं. पण हे बटण मी रविवारी पाहिलंय!! तेव्हा ते बंद होतं, मी चालू केलं की दोन सेकंदांत आपोआप बंद व्हायचं. मला वाटलं फोनच खराब निघाला.

तारतम्य:
आपोआप बंद होतंय म्हणजे गाडीच नाही म्हणतेय, गाण्यांची जागा आधीच कुणीतरी अडवलीये. आता एकच सांगा, जुना फोन सध्या कुठाय?

नवा_चक्रधर:
अरे देवा.
लेकीकडे. सिम काढून गेम खेळायला दिलाय. रविवारी मागच्या सीटवर तिच्या हातात असतो.

चौथा_गिअर:
😂😂 सीटबेल्टचा टुंग टुंग सापडला.

तारतम्य:
झालं मग. बऱ्याच गाड्या एका वेळी दोन फोन धरतात, एक कॉलला आणि एक गाण्यांना. तुमच्या गाडीने कॉलला नवा धरला आणि गाण्यांना सवयीने जुना. सिम नसलं तरी ब्लूटूथला काय फरक पडतो, ते वेगळंच असतं. जुन्या फोनमधून गाडी 'फर्गेट' करा आणि गाडीच्या यादीतूनही जुना फोन काढा, नुसतं त्याचं ब्लूटूथ बंद केलंत तर लेक हेडफोन लावायला परत चालू करणार. यादीत आणखी कोणकोण बसलंय तेही बघा, बहुतेक गाड्यांत ठरावीकच फोन मावतात.

ओसरीवर:
अवांतर: भाड्याची गाडी परत करताना किंवा आपली विकताना ही यादी आठवणीने साफ करा. आमच्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाचे सगळे नातेवाईक 'मामा', 'छोटे मामा', 'मामा नवीन नंबर' असे स्क्रीनवर आले होते.

नवा_चक्रधर:
काढला!! काल सगळे मिळून बाहेर गेलो, जाता-येता गाणी व्यवस्थित. तारतम्य, मानलं तुम्हाला. लेक मात्र फुगलीये, तिला गाडीच्या स्पीकरवर गेममधली नाणी वाजायची ते आवडायचं म्हणे, म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि बापाला कुणी विचारलंच नाही.
एक बारीकसं राहिलंय. गाण्यांचा आवाज पूर्वीपेक्षा कमी वाटतो, गाडीचं बटण ३० पर्यंत न्यावं लागतं, आधी १५ वर पुरायचं.

तारतम्य:
दोन आवाज असतात, फोनचा वेगळा आणि गाडीचा वेगळा. गाणं गाडीत वाजत असताना फोनच्या बाजूच्या बटणाने आवाज पूर्ण वाढवा, तेव्हाच ती पट्टी ब्लूटूथची असते, एरवी फोनच्या स्पीकरची. मग गाडीकडून हवा तेवढा ठेवा. एवढ्याने नाही भागलं तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' आहे ते चालू करून बघा. त्याआधी गाडीचा आवाज खाली आणा, नाहीतर वहिनी परत उडतील.

नवा_चक्रधर:
पहिल्यानेच झालं, फोनची पट्टी अर्ध्यावर होती. डेव्हलपर वगैरेला हात लावत नाही, जेवढं चालतंय तेवढं चालू दे.