आरएक्स १०० बरीच वर्षं उभी, एमएच-०९ पासिंग, मी निपाणीत. काम कुठून सुरू करू?

निपाणी_टूस्ट्रोक

नमस्कार मंडळी. गडहिंग्लजला यामाहाची एक आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक बाईक मिळतेय. १९९४ चं मॉडेल, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, आणि मी कर्नाटकातल्या निपाणीत. गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली काही पावसाळे काढलेत.

गाडीची अवस्था अशी: किक फिरते, पण दाब कमी वाटतो. टाकी हलवली की आत गंजाच्या खपल्या वाजतात. कार्बोरेटर जाम. ऑटोल्यूबच्या (इंजिनाला ऑईल आपोआप देणाऱ्या पंपाच्या) टाकीत तळाला डांबरासारखं काळं ऑईल. गिअर ऑईल जवळजवळ नाहीच, पण गाडीखाली गळतीचा एकही डाग नाही, हे कोडं उलगडत नाही. चेसिस सरळ आहे, सायलेन्सर आणि साइड पॅनल मूळचे आहेत.

आरसी मूळ मालकाच्या नावावर आहे, ते वारले. विकणारा त्यांचा मुलगा. आरसीची मुदत २०२४ ला संपलीय.

माझा बेत असा की आधी चेसिस सोडवून ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग, टाकीला रंग, मग सावकाश इंजिन. क्रम बरोबर आहे का? ब्लॉक बोअर (सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करणं) निपाणीत करावा की बेळगावला न्यावा? ऑटोल्यूब काढून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं असं एक मेस्त्री म्हणतो, ते कितपत बरं?

चिकोडी_पासिंगवाला

क्रम पूर्ण उलटा करा. आधी कागद, मग इंजिन आणि ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी. कारण आरसीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि त्यासाठी गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. चालू इंजिन, लागणारे ब्रेक, दिवे, हॉर्न, पीयूसी आणि चालू विमा हे सगळं त्या दिवशी हवं. रंग कुणी विचारत नाही, फक्त आरसीवर जो रंग लिहिलाय तोच हवा. काळी गाडी लाल केलीत तर रंगबदलाची वेगळी नोंद करून घ्यावी लागेल.

पैसे देण्याआधी हे करा. मूळ मालक वारलेत, म्हणजे मुलाची नुसती सही चालणार नाही. आधी फॉर्म ३१ वर गाडी मुलाच्या नावावर व्हायला हवी. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. बहिणी असतील तर त्यांचीही, आणि नेमकं इथेच अडतं. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर.

नूतनीकरण कोल्हापुरातच उरकून मग एनओसी (ना-हरकत दाखला) घ्या, म्हणजे पुढचा रस्ता सरळ होतो. एनओसी फॉर्म २८ वर मिळते. चलन बाकी असेल तर आधी भरा. एनओसी घेऊन चिकोडी आरटीओला फॉर्म २७, कर्नाटकचा कर, आणि मग केए-२३ नंबर. कर गाडीच्या वयावर ठरतो. परराज्यातला नंबर १२ महिन्यांच्या वर इथे ठेवता येत नाही, कलम ४७. सीमाभागात कागलच्या पलीकडची गाडी वर्षानुवर्षं तशीच फिरवणारे बरेच आहेत, पण अपघात झाला की विमा कंपनी आधी कागदच काढायला लावते.

आता पावडर कोटिंगबद्दल, कारण यात गाड्या कायमच्या अडकतात. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर, स्टिअरिंगच्या नळीवर पंच केलेला असतो. तीस वर्षांच्या गंजाने ते आकडे आधीच उथळ झालेले असतात. त्यावर वाळूचा मारा केला की कडा पुसट होतात, वर पावडरचा जाड थर बसला की आकडे भरून जातात. इन्स्पेक्टरला पेन्सिलीची छाप घेता आली नाही तर तो सही करणार नाही, आणि पुन्हा पंच केलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. म्हणून नंबर आजच रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करा, छाप घ्या, फोटो काढा, आरसीशी एकेक आकडा जुळवा. इंजिन नंबरही जुळवा. पुढे ब्लास्टिंगला देताना त्या जागी जाड टेपचे तीन-चार थर, आणि कोटिंगवाल्याला तिथे उष्णता सहन करणारी टेप लावायला सांगा. ती जागा नंतर हाताने पातळ प्रायमर आणि रंग मारून झाका. स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या वाट्या बसतात ती जागा आणि अर्थिंगचा बोल्टही तसाच झाकायचा.

उद्यमबाग_बोअर

गिअर ऑईल गायब आणि जमिनीवर डाग नाही, म्हणजे ते इंजिनाने प्यायलंय. क्लचच्या बाजूचं क्रँक ऑईल सील (क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी कडं) गेलं की क्रँककेसचं शोषण गिअरबॉक्समधलं ऑईल आत ओढतं आणि ते सायलेन्सरमधून पांढऱ्या धुरात जातं. उत्तर तिथेच आहे.

मॅग्नेटोच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर ऑईलऐवजी हवा ओढली जाते. मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आयडल आपोआप चढतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, आणि लांबच्या रस्त्यावर पिस्टनला भोक पडतं किंवा सीझ होतं. कार्बोरेटर कितीही साफ करा, जेट (त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पुंगळी) कितीही बदला, ही हवा बंद होईपर्यंत ट्यूनिंग होणारच नाही. जुन्या टू-स्ट्रोकचे निम्मे 'कार्बोरेटरचे' आजार खरे सीलचे असतात.

इंजिन उघडायच्या आधी गळती तपासा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर रबरी पत्रा आणि वर लोखंडी पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात घट्ट बूच. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडतात. जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती फोडून त्यात नळी बसवा, आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा व घड्याळ जोडा. घड्याळावर ३०० (मिमी पारा) पर्यंत दाब भरा. तो साधारण ६ पीएसआय होतो, त्याच्या वर जाऊ नका. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मॅग्नेटोचं कव्हर काढून सीलवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. क्लचकडचं सील डोळ्याला दिसत नाही, पण गिअर ऑईलचं बूच उघडून कान लावला की फुसफुस ऐकू येते. हेड आणि ब्लॉकखालचा गॅस्केट यांवरही साबण लावा. आपलं जोडकाम नीट नसेल तर आपणच खोटी गळती बघत बसतो, म्हणून दोन्ही तोंडं आधी तपासा.

इतकी वर्षं ओलीत उभी म्हणजे क्रँकचे बेअरिंगही गंजलेले धरा. क्रँककेस उघडलाच तर दोन्ही सील, दोन्ही बेअरिंग एकदमच बदला. सीलचा आकार जुन्या सीलवरच छापलेला असतो: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगवरचा नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवा, सी३ (आतल्या ढिलाईचा दर्जा) असेल तर सी३च. मॅग्नेटो पुलरनेच काढायचा. हातोडा मारला की क्रँक वाकतो. क्रँक दोन टोकांवर धरून डायलवर फिरवा, ०.०३ मिमीपेक्षा जास्त डगमग नको. कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक बाजूला हलवून बघा, ०.८ ते १ मिमी ठीक, २ मिमीला रॉड किट. क्रँककेसच्या दोन भागांमध्ये कागदी गॅस्केट नसतो, लिक्विड गॅस्केटचा पातळ, अखंड थर द्यायचा. जास्त लावलात तर आतल्या बाजूला पिळून येतो आणि ऑईलच्या वाटा बुजवतो.

बोअर कुठे करायचा हे गावावर नाही, माणसावर ठरतं. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रं चांगली आहेत, पण ट्रॅक्टर आणि पंपाचे लायनर करणाऱ्याला टू-स्ट्रोकचे पोर्ट माहीत असतीलच असं नाही. आधी पिस्टन विकत घ्या, मग तोच पिस्टन देऊन ब्लॉक बोअर करा. मूळ माप ५० मिमी, पुढे ०.२५ च्या पायऱ्या. नुसतं '५०.२५ करून दे' म्हणू नका, कारण पिस्टनचं खरं माप छापलेल्या मापापेक्षा थोडं कमी असतं. पिस्टन खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनेला काटकोनात मोजायचा. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट ०.०३५ ते ०.०४० मिमी. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलरने मोजा, ०.१५ ते ०.३५ मिमी.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या होतात. त्या गोल घासून घ्यायच्याच. नाही केल्या तर रिंग पोर्टमध्ये अडकते आणि नवा पिस्टन पहिल्याच दिवशी ओरखडतो. ब्लॉक परत घेताना पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा. बोचलं तर तिथेच परत द्या.

शेवटी कोमट पाणी आणि धुण्याच्या साबणाने ब्लॉक धुवा. पांढऱ्या फडक्याला करडा डाग लागायचा थांबेपर्यंत धुवा, घासकामाची ही बारीक पावडर पेट्रोलने निघत नाही. लगेच पुसून टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल चोळा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप नव्या, आणि त्यांचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर नको.

खानापूर_घाटवाट

टाकी आणि ऑटोल्यूबचं मी सांगतो.

टाकीला संडासाचं ॲसिड अजिबात नको. ते गंजासोबत पत्राही खातं आणि धुतल्यावर तासाभरात नवा तांबडा गंज चढतो. कॉक काढून बूच मारा, मूठभर नट-बोल्ट टाकून हलवा, खपल्या ओता. मग साधं व्हिनेगर काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा, मधूनमधून उलटी-सुलटी करा. ओतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, दोनदा साध्या पाण्याने, आणि लगेच गरम हवेने कोरडी करा. कोरडी झाली की पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल घालून आतून फिरवा. टाकीला रंग याच्यानंतरच, कारण व्हिनेगर रंगाच्या कडा उचलतं. खालच्या शिवणीजवळ टोचणी लावून बघा. पत्रा मऊ लागला तर आधी डाग देऊन घ्या.

ऑटोल्यूब काढू नका. पंप इंजिनाच्या फेऱ्या आणि थ्रॉटल या दोन्हीप्रमाणे ऑईल देतो, हाताने मिसळून ते साधत नाही. मेस्त्री काढायला सांगतात ते अडकलेल्या पंपाच्या भीतीने. ऑईलची टाकी सोडवून डिझेलने धुवा, नळ्या नव्या पारदर्शक घ्या, कारण जुन्या कडक होऊन टोकाशी हवा ओढतात. ताजं ऑईल भरून पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत वाहू द्या. थ्रॉटलच्या केबलची ढील आधी नीट करा, नंतर पंपाच्या पुलीवरची खूण पिनेशी जुळवा. पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली ऑईल घाला. ऑईलच्या टाकीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. पातळी उतरताना दिसली, की पंप चालतोय. ऑईल जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं, डब्यावर तसं छापलेलं असतं.

पेट्रोल पंपावरचं पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमुळे तेच जेट असताना मिश्रण पातळ होतं, त्यामुळे प्लग फार पांढरा दिसत असेल तर मेन जेट एक पायरी मोठा. तारेने भोक वाढवू नका. कॉकचे रबर, कार्बोरेटरची ओरिंग आणि पेट्रोलची नळी नवी लागेलच. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी पूर्ण भरा आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. अर्धी टाकी ओल खेचते, पाणी तळाला बसतं आणि पुन्हा तोच गंज.

निपाणी_टूस्ट्रोक

चेसिस नंबरचं माझ्या ध्यानातच नव्हतं, उद्याच छाप घेतो. एक विचारायचं राहिलं. इथला लेथवाला म्हणतो, फट ०.०८ ठेवू, सैल असली की सीझ होणार नाही. आणि चालू झाल्यावर रनिंग (नव्या पिस्टनला रुळवणं) कसं करू?

उद्यमबाग_बोअर

०.०८ नको. पिस्टन डुलतो, स्कर्ट ब्लॉकवर आपटतो, थंड इंजिनात टकटक येते आणि रिंगा लवकर जातात. सीझ होतं ते हवेच्या गळतीने, कमी ऑईलने आणि न घासलेल्या पोर्टने. त्या तिन्हींवर पैसे घाला.

खानापूर_घाटवाट

रनिंग: पहिले ५०० किमी अर्ध्याच्या वर थ्रॉटल नको, आणि एकाच वेगात लांब ओढू नका, वेग कमी-जास्त करत राहा. निपाणी-संकेश्वर हायवेवर स्तवनिधी घाट चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटू नका, गिअर उतरवा. पुढे चोर्ला घाटात गेलात तर उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिनब्रेकवर लांब जायचं नाही. थ्रॉटल बंद असला की पंप अगदी थोडं ऑईल देतो, म्हणून मधूनमधून हलकेच थ्रॉटल द्या.

त्याआधी ब्रेक. ब्रेक शूचं लायनर नवं ४ मिमी, २ ला आलं की बदला. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८ टायर. जुन्या टायरची गोटी (नक्षी) शाबूत दिसली तरी बाजूला चिरा असतील तर काढा. चेन ४२८, स्प्रॉकेटसकट एकदमच.

चिकोडी_पासिंगवाला

आणि पासिंगला जाताना मूळ सायलेन्सरच असू दे. आवाज करणारा लावलात तर तिथूनच परत पाठवतील. मुलाच्या बहिणींच्या संमतीचं आधी विचारून घ्या, तोवर फार तर टोकन द्या.