प्रश्न पहिल्या पाण्याचा नाही

चहाचं पहिलं पाणी ओतून दिलं की त्यातलं कीटकनाशक निघून जातं, असं म्हणतात; हे मला पटत नाही. चहाचं पान खुडल्यापासून कपात येईपर्यंत कुठेच धुतलं जात नाही. उलट चार-साडेचार किलो ओल्या पानाची जेमतेम किलोभर पावडर होते. पाणी उडतं, कीटकनाशकाचा अंश बराचसा मागे राहतो. खरी मेख पुढेच आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी कीटकनाशकं उकळताना सहज चहात उतरतात, बायफेन्थ्रिनसारखी बहुतांशी चोथ्यातच राहतात. या अंशाची मर्यादा मात्र कोरड्या पावडरीवर ठरते! युरोपीय संघात वेगळी मर्यादा नसलेल्या कीटकनाशकाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट अट आहे. ती ओलांडली म्हणून चहा लगेच विषारी ठरत नाही. पण फवारणीनंतर पुरेसे दिवस न थांबताच खुडणी झाली असेल, तर मला तेच जास्त खटकतं.