१६९.२५४ दिसतोय म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच येत नाही

एकाच्या विंडोज एक्सपीवर नेट लागत नाही, 'लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी' येतंय आणि आयपी (नेटवर्कवरचा संगणकाचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होतोय, म्हणून त्याला कुणीतरी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला दिलाय. एवढी घाई नको. हा पत्ता राउटरने दिलेला नाही, डीएचसीपीकडून (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय, बहुधा राउटरमध्येच असते) उत्तर न आल्यावर विंडोजने स्वतःच घेतलाय. आधी केबल बदला, नेटवर्क कार्डवरचा दिवा लागतो का बघा. मग विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'डीएचसीपी क्लायंट' चालू आहे ना? तरीही अडलं तर राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या रेंजबाहेरचा पण त्याच नेटवर्कमधला पत्ता हाताने घाला आणि राउटरला पिंग करा (म्हणजे तो उत्तर देतो का ते ping आज्ञेने बघा). पिंगला उत्तर आलं तर केबल-कार्ड ठणठणीत. संशय डीएचसीपीवर किंवा फायरवॉलवर. जुने अँटिव्हायरस काढल्यावरही त्यांचे फिल्टर (नेटवर्कची ये-जा तपासणारे भाग) मागे उरू शकतात, तेही कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये तपासा.